स्विफ्ट थोडी खाली बसवायचीय, स्प्रिंगा कुठल्या घेऊ?

कासचं_धुकं
नमस्कार मंडळी. गाडी २०१८ची स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल, ७२ हजार किलोमीटर झालेली. राहणार शाहूपुरी, सातारा. दर रविवारी पहाटे साडेपाचला समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून कासला जाऊन येतो. फुलांच्या हंगामात मात्र जात नाही, तेव्हा वर फुलांपेक्षा गाड्या जास्त असतात.

दुखणं असं. घाटात डाव्या वळणाला गाडी उजवीकडे इतकी कलते की शेजारचा मित्र दाराचं हँडल धरून बसतो. लगेच उलटं वळण आलं की एकदा इकडे, एकदा तिकडे डुलते आणि मग सरळ होते. आणि खरं सांगायचं तर दुसरं दुखणं डोळ्याचं आहे. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत माझा अख्खा पंजा जातो. गाडी आखूड पायजमा घातल्यासारखी दिसते.

एकाने ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा सुचवल्या, शॉकअप आहेत तेच ठेवा म्हणाला. दुसरा म्हणाला, कशाला पैसे घालवता, आहे त्याच स्प्रिंगेचा एक वेढा कापून देतो, अर्ध्या तासाचं काम. टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच, १६५/८० आर १४. घरात आई, बाबा, बायको आणि चार वर्षांची मुलगी. महिन्यातून एकदा सगळे पाटणच्या पुढे गावी जातो. काय करू?

उगाच_एक
पायजमा आखूड झाला म्हणून कुणी पाय कापत नाही.

पाना_दहा_बारा
माझं कऱ्हाडात गॅरेज आहे म्हणून लिहितो. वेढा कापणारा अर्ध्या तासात पैसे घेऊन मोकळा होतो, पुढचं काम आमच्याकडं येतं. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. पुढून डावीकडं खट् खट् आवाज, उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की जास्तच. खोलून बघितलं तर स्प्रिंगचं टोक ग्राइंडरनं कापलेलं. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकून बसतं, खाली रबर असतं. कापलेलं टोक त्या पायरीत बसतच नाही. स्टेअरिंग फिरलं की स्प्रिंग ताण धरायची आणि एकदम सुटायची, तोच तो आवाज. रबराचा भुगा झालेला, वाटीला चकचकीत चंद्रकोर पडलेली आणि कापल्या जागी गंज धरलेला. वाटी शॉकअपलाच जोडलेली असते. म्हणजे स्प्रिंगही नवी आणि शॉकअपही नवा.

आता तुमचं. ७२ हजारावर गाडी डुलत असेल तर आधी शॉकअप बघा, स्प्रिंग नंतर. बॉनेटच्या एका कोपऱ्यावर जोर देऊन सोडा. वर येऊन थांबली पाहिजे, परत खाली जाऊन वर आली तर शॉकअप मेलाय. पण नुसतं एवढ्यावर जाऊ नका, आपल्या हाताच्या जोरानं अर्धमेला शॉकअप पास होतो. चाक काढून रबरी कव्हर वर सरकवा आणि तेलाचा ओलावा दिसतो का बघा. लिंक रॉड हातानं हलवा, म्हणजे अँटी-रोल बारला (गाडीचं कलणं आवरणारा आडवा दांडा) शॉकअपशी जोडणारी काडी. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, त्याच्या मागच्या रबरी बुशला चिरा आहेत का बघा. हे करून या, मग स्प्रिंगांचं बोलू.

हळद_आणि_टर्बो
सांगलीकर इकडे. माझी पोलो जीटी टीएसआय, तीन वर्षांपासून ३० मिलिमीटर खाली आहे. आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंगा आणि सोबत बिल्स्टीनचे बी८ शॉकअप. बी८ खास खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेले असतात. हीच जोडी एकत्र बी१२ म्हणूनही मिळते. पोलोवाल्यांचं नशीब असं की गाडी युरोपातही तीच, त्यामुळे वस्तू मिळतात. भारतात पोलो २०२२ साली बंद झाली तरी.

काय मिळालं: पुण्याला जाताना खंबाटकीच्या उतारात गाडी रुळावर असल्यासारखी चालते. लेन बदलली की मागचा भाग पुढच्याबरोबरच येतो, अर्धा सेकंद उशिरा नाही.

काय गेलं: तासगावच्या बाजूला काळ्या मातीतले रस्ते आहेत. डांबर नवं असलं तरी खालची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, रस्त्याला लाटा पडतात. स्टॉक, म्हणजे कंपनीच्या उंचीची गाडी त्या लाटांवरून ८०ने तरंगत जाते. माझी ६०ला पोट टेकवते. पुढच्या टायरची आतली कड एकदा २० हजारात गुळगुळीत झाली, कारण स्प्रिंगा बसवल्यावर मी अलाइनमेंट ‘पुढच्या आठवड्यात’ करणार होतो. ती चूक सर्वस्वी माझी.

आणि एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. माझ्या वडिलांचे गुडघे. ३० मिलिमीटर म्हणजे दीड बोट, पण आता ते गाडीतून उतरताना दाराची चौकट धरून आधी एक मोठा श्वास घेतात. गेल्या दिवाळीपासून ते भावाच्या क्रेटात बसतात. काही बोलत नाहीत.

कासचं_धुकं
@हळद_आणि_टर्बो, मग पश्चात्ताप होतो का?

हळद_आणि_टर्बो
नाही. म्हणून तर सगळं खरं लिहिलं.

तार_बारा
स्प्रिंगांच्या कारखान्यात २६ वर्षं काढली, आता कोरेगावला शेती बघतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

स्प्रिंगेचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. १२ मिलिमीटरच्या जागी साडेबाराची तार घेतली तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने स्प्रिंग जवळजवळ १८ टक्के कडक होते. वेढ्यांचं गणित उलटं. पाच वेढे काम करत असतील आणि एक कापला तर उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक. म्हणजे कापणाऱ्याचं ‘गाडी खाली येते आणि टाईटपण होते’ हे खोटं नाही. अर्धवट खरं आहे, म्हणून तर खपतं.

उरलेलं अर्धं असं की कारखान्यात स्प्रिंग वळवून झाली की काम संपत नाही. तिला उष्णतेची प्रक्रिया देतात, मग पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात, ते शॉट पीनिंग. तारेचा पृष्ठभाग दाबून घट्ट केला की चीर तिथून सुरू होत नाही. मग पूर्ण दाबून ‘सेट’ करतात, म्हणजे पुढे गाडीखाली ती आणखी बसत नाही. शेवटी पावडर कोटिंग. ग्राइंडरने कापलं की त्या टोकाला कोटिंग राहत नाही, आणि गॅस लावला तर पाणी पण उतरतं, म्हणजे पोलादाचा टणकपणा जातो. गॅसने वेढा लाल करून गाडी ‘बसवणारे’ महाभाग मी या जिल्ह्यात स्वतः पाहिलेत. त्यांच्यापुढे कापणारा परवडला.

आता ३५ मिलिमीटरची तयार स्प्रिंग आणि जुनेच शॉकअप, हा दुसरा सल्ला. चांगल्या कंपनीची खाली बसवणारी स्प्रिंग कडक असते, आणि ती असलीच पाहिजे, कारण चाकाला वर यायला जागा कमी उरते. स्प्रिंग दबते तेव्हा ताकद साठवते, ती सुटताना आवरायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर तितकाच आवर राहायला शॉकअप साधारण १४ टक्के जास्त जोराचा लागतो. तुमचे ७२ हजार चाललेले शॉकअप मुळात होते तेवढेही राहिलेले नाहीत. वर ही स्प्रिंग टाकली तर गाडी डुलायची थांबणार नाही, फक्त डुलणं जलद होईल. त्याला उड्या म्हणतात.

शिवाय आखूड स्प्रिंग आणि लांब शॉकअप अशी जोडी जमली की गाडी जॅकवर घेतल्यावर स्प्रिंग हाताने फिरते. चाक खड्ड्यात उतरलं की तसंच होतं, स्प्रिंग जागा सोडते आणि परत आपटते.

पसरणीवाली
मी वाईहून रोज पसरणी घाट चढून पाचगणीच्या शाळेत जाते, गणित शिकवते. गाडी तुमचीच, फक्त झेडएक्सआय, म्हणजे टायर १८५/६५ आर १५. आधी आमच्याकडे व्हीएक्सआय होती, त्यामुळे दोन्ही चालवल्यात. वळणात जो फरक मला जाणवला तो टायरचा आहे. १६५/८०च्या टायरची बाजूची भिंत १३२ मिलिमीटर उंच, १८५/६५ची १२०. जमिनीला टेकणारी रुंदीही जास्त. स्टेअरिंग वळवलं की आधी टायर मुरडतो आणि मग गाडी वळते. ते मुरडणं तुम्ही कललं म्हणून मोजत असाल.

गंमत म्हणजे दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास जवळजवळ सारखा: ६२० आणि ६२२ मिलिमीटर. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि स्टेपनी जुनी १४ इंची असली तरी अडचणीला चालते.

आणि एक विचारू का? पहाटे साडेपाचला यवतेश्वर घाटात तुमचा वेग किती असतो?

कासचं_धुकं
ताई, पुढचा प्रश्न.

पसरणीवाली
वर्गातली मुलंही असंच म्हणतात.

कलमबहाद्दर
रंगात भंग करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. नोंदणी प्रमाणपत्रावरचे तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. विमा कंपनीला बदल कळवून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘काही होत नाही साहेब’ क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

उगाच_एक
उसाच्या दोन ट्रॉल्या विनालाईट जोडून जाणाऱ्याला कुठलं कलम?

कलमबहाद्दर
अवांतर नको. नवा धागा काढा, तिथे येतो.

कासचं_धुकं
पाना दादांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी चाकं काढली. पुढचा डावा शॉकअप कव्हराखाली तेलाने ओला, त्यावर धूळ बसून काळी पेस्ट झालेली. उजवा कोरडा. दोन्ही लिंक रॉड टकटक करतात. लोअर आर्मच्या मागच्या बुशला चीर आहे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत जातं. म्हणजे मी इतके महिने यवतेश्वरला अडीच शॉकअपवर जात होतो असं दिसतंय.

पण समजा हे सगळं नवं टाकलं, तर मग २५-३० मिलिमीटर खाली घ्यायला हरकत काय? पोलोवाल्यांनी घेतलीच की.

तार_बारा
हरकत आहे की नाही ते मी कशाला सांगू, गाडीलाच विचारा. आठ आण्याची केबल टाय लागते.

शॉकअप नवे टाकले की पुढच्या एका बाजूचं रबरी कव्हर वर सरकवा. चकचकीत दांड्यावर केबल टाय घट्ट आवळा आणि शॉकअपच्या नळीला टेकेपर्यंत खाली सरकवा. गाडी जमिनीवर उभी असताना नळीच्या डोक्यापासून वरच्या बंप स्टॉपपर्यंत (चाक फार वर आलं की धक्का झेलणारं रबर) किती जागा आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग रोजच्या रस्त्याने फिरून या. चाक जितकं वर आलं असेल तितकी टाय दांड्यावर वर ढकलली गेलेली असते. परत मोजा. तुम्ही किती चाल वापरता ते कळेल, आणि त्यातली किती विकायला निघालात तेही.

पाना_दहा_बारा
काकांशी सहमत. भर एवढीच: शॉकअप बदलताना वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप आणि कव्हर नवंच घ्या, मजुरी एकदाच लागते. शॉकअप जोडीनं बदलायचे, एक ओला एक कोरडा म्हणून एकच नाही. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर नसेल तर घरी हा उद्योग करू नका, सुटलेली स्प्रिंग जबडा घेऊन जाते.

आणि लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकावर वजन आल्यावर आवळायचे. लटकत्या गाडीत आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि सहा महिन्यांत फाटतं. मग गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता.

कासचं_धुकं
तीन आठवड्यांनी हजर. चारही शॉकअप नवे, साधे कंपनीच्या मापाचे. वरची माउंटिंग, बंप स्टॉप, लिंक रॉड, बुश नवे. बोल्ट गाडी खाली घेऊन आवळले, मी उभा राहून बघितलं, मेस्त्री वैतागला.

केबल टायचा हिशोब. गाडीत मी एकटा, उभ्या गाडीत बंप स्टॉपपर्यंत जागा ५२ मिलिमीटर. यवतेश्वर घाट वर-खाली आणि येताना पोवई नाका करून घरी. टाय ४६ मिलिमीटर वर सरकलेली.

मी ती पट्टी दोनदा लावून बघितली. फक्त ६ मिलिमीटर शिल्लक? एकटा असताना? मला वाटायचं अर्धीअधिक जागा मोकळीच असेल, तो सगळा फटीचा भाग उगाच ठेवलाय.

तार_बारा
आता गणित करू. ताईंनी तपासावं.

३५ मिलिमीटर खाली आलात तर ५२ची जागा १७ उरते. तोच खड्डा, तोच वेग. शॉकअपचा भाग बाजूला ठेवला आणि आधी ४६ मिलिमीटरमध्ये जिरवलेला धक्का आता १७मध्ये जिरवायचा म्हटला, तर स्प्रिंग ४६ भागिले १७ या गुणोत्तराच्या वर्गाइतकी कडक लागते. म्हणजे सात पटीहून जास्त. अशी स्प्रिंग कुणी विकत नाही, कारण ती घेऊन कुणी परत येणार नाही. बाजारात मिळते ती २०-३० टक्के कडक. बाकीचा धक्का बंप स्टॉप खातो.

२० मिलिमीटर खाली घेतली तर ३२ उरतात. ४६ भागिले ३२, त्याचा वर्ग दोनच्या जरा वर. म्हणजे दुप्पट कडक लागते, मिळणार सव्वापट. इथेही बंप स्टॉपला काम पडणार, पण थोडं. चांगला बंप स्टॉप भिंतीसारखा नसतो, फेसासारखा दबत जातो. तिथे जगता येतं. ३५ला गाडी स्प्रिंगवर कमी आणि रबरावर जास्त चालते, आणि वळणात मध्येच रबराला टेकली की त्या चाकाची पकड अचानक बदलते. घाटात नेमकं तेच नको असतं.

आणखी एक, पुढच्या सस्पेन्शनचा लोअर आर्म. स्टॉक उंचीला तो बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरलेला असतो. गाडी फार खाली घेतली की तो आडवा होतो किंवा उलटा वर चढतो. तसं झालं की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो, म्हणजे कलवणारा तरफेचा हात लांब होतो. स्प्रिंगेने कमावलेला कडकपणा तिथे थोडा परत द्यावा लागतो.

पसरणीवाली
गणित बरोबर आहे. आता माझंही एक. हे गतिरोधकाचं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंटीमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो, ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे गाडी मधोमध असताना चारही चाकं गतिरोधकावरच असतात. जीवा २.४५ मीटर, त्रिज्या १७ मीटर. जीवेचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या केलं की पोटाखाली शिरणारा फुगवटा येतो ४४ मिलिमीटर. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाची जमिनीपासूनची उंची, १६३ मिलिमीटर. नियमातल्या गतिरोधकावर तुमची गाडी ३५ने काय, ५०ने खाली घेतली तरी घासणार नाही!

आता खऱ्या आयुष्यातला मोजा.

कासचं_धुकं
मोजला ताई. गावी जायच्या वाटेवर एका गावात शाळेपुढे आहे, पट्टे नाहीत, बोर्ड नाही. बायकोने टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं, दोन म्हाताऱ्या कट्ट्यावरून बघत होत्या, ‘रस्ता रुंद व्हनार हाय का?’ असं विचारत होत्या. उंची १४ सेंटीमीटर, रुंदी जेमतेम ९०.

पसरणीवाली
म्हणजे पुढची चाकं उतरून जमिनीवर, मागची अजून चढायची आहेत, आणि अख्खे १४० मिलिमीटर पोटाखाली. १६३ मधून १४० गेले, उरले २३. हे रिकाम्या गाडीचं. भरलेली गाडी किती बसते ते मोजलंत का?

कासचं_धुकं
मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, आधी रिकामी, मग पाच जण आणि डिकीत तांदळाचं पोतं. पुढे १४ मिलिमीटर बसली, मागे ४१.

पसरणीवाली
मधोमध धरा साधारण २७. १६३ वजा २७ म्हणजे १३६. गतिरोधक १४०. सगळ्यात खालचा भाग नेमका मध्यावरच असेल असं नाही, पण तुम्हाला उत्तर मिळालं असेल.

कासचं_धुकं
मिळालं. आई-बाबा मागे असले की तिथे दर वेळी ‘खर्रर्र’ होतं. मला वाटायचं मीच वेगात घेतो. आता कळलं, मी कासवाच्या गतीने घेतली तरी ४ मिलिमीटर कमीच पडतात.

हळद_आणि_टर्बो
तिरकी घ्यायची. एक चाक आधी, दुसरं नंतर. मी तसंच करतो. मागून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर काय म्हणतो ते ऐकायचं नाही.

उगाच_एक
स्प्रिंगांत ते रबरी ठोकळे घाला ना, वेढ्यांत अडकवायचे. गाडी वर राहते, भरली तरी बसत नाही.

तार_बारा
वेढ्यात अडकवलेलं रबर तो वेढा बाद करतं. वेढा बाद म्हणजे वेढा कापल्यासारखाच कडकपणा वाढतो, फक्त गाडी खाली न येता वर राहते. आणि रबराच्या कडेशी तारेवर माती-पाणी साचून कोटिंग घासतं. मागे कायम पाच माणसं बसत असतील तर लोक लावतात, मला आवडत नाही एवढंच.

कासचं_धुकं
शेवटचा अपडेट, साधारण दोन महिन्यांनी.

ओळखीच्या एकाकडून झेडएक्सआयची १५ इंची अलॉय घेतली, १८५/६५चे नवे टायर टाकले, अलाइनमेंट केलं. स्प्रिंगा कंपनीच्याच आहेत.

खरं लिहितो. गाडी कलते पूर्वीइतकीच. मी दोघांना विचारलं, मित्राला आणि बायकोला, दोघं म्हणाले कलतेय. पण आता एकदा कलते आणि तिथेच थांबते. उलट्या वळणाला डुलणं बंद. घाटात देवळाच्या अलीकडे जे लागोपाठ दोन वळणांचं जोडपं आहे तिथे पूर्वी मी पहिल्यानंतर स्टेअरिंग सरळ करून गाडी स्थिर व्हायची वाट बघायचो, आता बघावी लागत नाही. मित्राने परवा तिथे हँडल सोडून मोबाइल काढला. सहामाहीत पास झाल्यासारखं वाटलं.

तार_बारा
कलणं तेवढंच राहणार, बरोबर आहे. वळणात गाडी शेवटी किती कलून थांबते हे स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार ठरवतात. तिथपर्यंत किती सावकाश आणि किती नेमकी जाते, हे शॉकअप ठरवतो. तुम्हाला त्रास दुसऱ्याचा होता, नाव पहिल्याला देत होतात. आता कलणंच कमी करायचं मनात आलं तर उंचीला हात न लावता जाड अँटी-रोल बार हा रस्ता आहे. तिथेही व्यासाचा चौथा घातच, तेव्हा एखादा मिलिमीटर पुरतो.

हळद_आणि_टर्बो
आणि फट?

कासचं_धुकं
फट तेवढीच. ताईंनी आधीच सांगितलं होतं, टायरचा बाहेरचा घेर सारखाच, त्यामुळे १५ इंची चाक टाकून मिलिमीटरभरही कमी झाली नाही. गाडी लावून घराकडे जाताना मी अजून मागे वळून त्या फटीकडे बघतो. बायको म्हणते, चला आता.

उगाच_एक
पायजमा लांबेना.

नवा_गडी
खूप छान माहिती सर्वांनी. माझी २०१६ची आय-ट्वेंटी आहे, फलटणला असतो. एक जण म्हणतोय पुढचा दीड आणि मागचा एक वेढा कापून देतो. किती घ्यावेत त्याने?

पाना_दहा_बारा
भावा, तू कापून घे. कऱ्हाडात महामार्गालगतच आहे गॅरेज, रविवारी बंद असतं.

कासचं_धुकं
@नवा_गडी, त्यांचं मनावर घेऊ नको. आधी टेप घे, घरातली सगळी गाडीत बसव आणि चारही चाकांवर मोजून आकडे इथे टाक. रिकाम्या गाडीचेही टाक. आणि केबल टाय दोन आण, एक तुटते.